करलीचा काटा

"मुलाने काही गिळलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि विनिताने तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "नाही."

माझी खोडच ती. बाजारात गिऱ्हाईक टोपलीवर वाकतं न वाकतं तोच मी भाव सांगून मोकळी होते. डहाणूच्या मासळीबाजारात गोदूबाईच्या आधी कोणी बोलून दाखवावं! दवाखान्यातही तेच केलं.

"नाणं, पिन, ते बटणासारखे सेल येतात ते?" डॉक्टर वलसाडकडचे गुजराती, पण मराठी चांगलं बोलायचे. "बेन, लहान मुलं काय पण तोंडात घालतात. जरा याद करून बघा."

"आमच्या घरात सहा डोळे असतात त्याच्यावर," मी म्हटलं. "काही गिळलं नाही."

त्यांनी तसं कागदावर लिहिलं. विनिताने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. ती बिचारी त्या दिवसांत कशालाही मान डोलवायची.

मी खोटं बोलले नाही, हे आधी सांगते. त्या घडीला माझ्या मनात तसलं काही नव्हतंच. तांदळातला खडा, पेरूची बी, माशाचा काटा, यांना कोणी 'गिळलं' म्हणतं का? जेवताना पोटात जातं ते जातं. आमच्या मांगेलआळीत तर काटा लागला हे सांगण्यासारखंही नसतं. शिंक आली म्हणून कोणी डॉक्टरला सांगायला जात नाही, तसंच.

जतीन माझा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि भाऊ बोटीवर, तेव्हा मीच त्याला वाढवलं. मला सासर लाभलं नाही. त्याची कथा वेगळी. जतीन आता स्वतःची बोट घेऊन जातो. त्याने तलासरीची विनिता पसंत करून आणली. कोसबाडला ती कसलासा शेतीचा कोर्स करत होती, तिथे हा मासळी द्यायला जायचा. तिच्या माहेरी भाजीचा मळा, दोन बकऱ्या, एक भाऊ. मुलगी सालस होती, पण मासळीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा मांदेली कुठली आणि मोदकं कुठली, एवढे साधे मासेही ओळखता येत नव्हते. मी आळीभर हसत सांगितलं होतं.

भाविक त्यांचा मुलगा. साडेतीन वर्षांचा. मला 'आतू' म्हणायचा.

आता करलीचं सांगते. करली ही पाहुण्यांनी खायची मासळी नव्हे. चवीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण अंगभर काटे. काही केसासारखे बारीक, काही जाड आणि टोकाला दुभंगलेले. आमच्या घरात रीत अशी की पोर तीन वर्षांचं झालं की त्याला करलीचा घास द्यायचा, आणि त्यात मुद्दाम एक काटा ठेवायचा. पोराने तो जिभेने शोधायचा आणि ओठावर आणून दाखवायचा. माझ्या आजीने मला असंच शिकवलं, मी जतीनला शिकवलं. जिभेला काटा कळला की पोर मोठं झालं, मग त्याच्या ताटात कुठलीही मासळी वाढा.

विनिताला हे मान्य नव्हतं. ती सुरमईचा तुकडा बोटांनी कुस्करायची, दिव्याखाली धरायची, पुन्हा कुस्करायची. "आते, शिकेल ना मोठा झाल्यावर. घाई काय आहे?" असं म्हणायची. मी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचे. चिडवायचे म्हणजे टोचून बोलायचे, खरं तेच सांगते. जतीनचं पोर दिव्याखाली तपासून मासळी खातं, याची मला लाज वाटायची.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी विनिता एका दिवसासाठी तलासरीला गेली. माहेरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं होतं. भाविकला सर्दी होती म्हणून ठेवून गेली. जतीन बोटीवर होता. त्या दिवशी मी बाजारातून करली आणली.

भाविकने पहिला काटा ओठावर आणून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. दुसराही आणला. तिसरा घास दिला आणि दारात सुकट घ्यायला कोणी आलं, म्हणून मी उठले. मागे वळले तर पोर खोकत होतं, डोळ्यांत पाणी. मी कोरड्या भाताचा गोळा केला आणि दिला. मग दुसरा, तिसरा, वर केळं. काटा गेला. अर्ध्या तासात पोर अंगणात खेळत होतं आणि संध्याकाळी आईकडे बिस्किट मागत होतं. विनिताला मी काही सांगितलं नाही. सांगून तिचे टोमणे कोण ऐकणार? टोमणे ती मारत नसे, ते मीच मारायचे. पण तिने नुसतं बघितलं असतं तरी मला ते चाललं नसतं.

दिवाळीला ती त्याला घेऊन माहेरी गेली. चार दिवस राहिली, भाऊबीज करून आली. आल्यावर दोन दिवसांनी भाविकला ताप भरला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. टायफॉइडचं थोडं दिसतंय म्हणाले आणि पाच दिवस इंजेक्शनं दिली. ताप उतरला, पुन्हा चढला. पोर डाव्या कुशीवर वाकून चालायला लागलं. डाव्या काखेत हात घालून उचललं की किंचाळायचं. मध्येच खांदा दुखतो म्हणायचं, आणि खांद्याला तर काही लागलेलं नव्हतं. शेवटी डहाणू रोडला सोनोग्राफी केली. डाव्या बरगड्यांखाली पाणथरी असते, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात, तिच्यात पू झाला होता. एवढ्याशा पोराच्या पाणथरीत पू! सोनोग्राफीवालाही दोनदा बघत राहिला. म्हणाला, इथे थांबू नका, पुढे घेऊन जा.

म्हणून आम्ही हायवेने वलसाडला गेलो.

तिथल्या त्या गुजराती डॉक्टरांनी प्रश्नांचा सपाटा लावला. असा पू लहान मुलांना सहसा होत नाही, म्हणाले, त्यामुळे कारण शोधावं लागेल. त्यांनी सिकलसेलचं रक्त घेतलं, टीबीची तपासणी केली, हृदयाला भोक आहे का ते बघितलं. न उकळलेलं दूध प्यायला होता का? घरात जनावर आहे का? मांजर ओरबाडलं होतं का?

मांजराचं नाव निघालं आणि विनिताचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी मांजर होतं, आणि दिवाळीत भाविक दिवसभर त्याच्या मागे होता. हातावर ओरखडाही होता. बकरीचं दूध? हो, तेही एकदा प्यायला होता. भावाने धार काढली होती, फेसासकट दिलं होतं. तिने सगळं खरं खरं सांगितलं. एकेक सांगत होती आणि खाली बघत होती.

मला कारण मिळालं. मी काय काय बोलले ते आता लिहिताना जिभेला चटका बसतो. व्हरांड्यात माणसं बसलेली, आणि मी म्हणत होते, "आमच्या घरात तीन वर्षं पोराला काटा बोचला नाही, आणि तुझ्या माहेरच्या चार दिवसांनी ही गत!" तिचा भाऊ मुकेश डबा घेऊन आला होता. त्याच्या हातातला डबा मी घेतला नाही. म्हटलं, मांजराच्या घरचं आम्हाला नको.

मुकेश डबा तसाच घेऊन परत गेला. दोन दिवसांनी कळलं, त्याने मांजर गोणीत घातलं आणि आच्छाडच्या नाक्यापलीकडे सोडून आला. दुभती बकरीही दिली कोणाला तरी. विनिता म्हणाली, "बरं केलंस दादा." त्या मांजराला त्याने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं, हे मला फार नंतर समजलं.

आम्ही आलो त्याच दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून बरगडीखालून सुई घातली, वाटीभर पू काढला आणि एक नळी ठेवली. भाविक त्या नळीला 'माझी शेपटी' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली कॅन्टीनला जेवायला गेले. डाळभात होता. भात गार, फडफडीत. पहिलाच घास घशात अडकला आणि मला कोरड्या भाताचे ते तीन गोळे आठवले.

हात ताटातच राहिला.

मी उठले ती तडक डॉक्टरांच्या केबिनपाशी गेले. बाहेर पाच-सहा जण बसले होते. मीही बसले. मनाशी वाक्य जुळवत होते: 'डॉक्टर, एकदा काटा लागला होता, पण तो गेला.' मग वाटलं, गेला तर सांगायचं कशाला? अख्ख्या जन्मात मी हजार काटे गिळले असतील, माझ्या पाणथरीत कुठे पू झाला? डॉक्टर हसतील. त्यात दाराशी विनिता उभी होती, औषधांची चिठ्ठी घेऊन. तिच्यासमोर सांगायचं? कालच तिला आणि तिच्या भावाला चारचौघांत फाडून खाल्लं, आज म्हणायचं की बाई, करली मी भरवली?

माझा नंबर आला. शिपायाने हाक मारली. मी म्हटलं, "माझं काही नाही, पाय दुखले म्हणून टेकले होते."

हे मी केलं. कोणी करायला लावलं नाही. अज्ञानाचं पांघरूण घ्यायची सोय पहिल्या दिवशी होती, त्या दिवसानंतर नव्हती.

मांजरापासून होणाऱ्या तापाची रक्ततपासणी चार दिवसांनी आली, त्यात काही निघालं नाही. सिकलसेल नाही, टीबी नाही. पुवातून तोंडात आणि पोटात असतात तसले जंतू निघाले. डॉक्टर कोड्यात पडले, पण ताप उतरला होता, पोर खात होतं. पंधरा दिवसांनी आम्हाला घरी सोडलं. आळीत मी पेढे वाटले. बघा, काटा नव्हताच तो, उगाच स्वतःचा जीव खात होते, असं स्वतःला सांगितलं आणि टोपली घेऊन बाजारात बसले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागत होता म्हणे.

नवव्या दिवशी ताप परत आला. ह्या वेळी पोर रडलंही नाही. नुसतं पडून राहिलं, आणि आपण बोललं की डोळे फिरवून बघायचं.

पुन्हा वलसाड. ह्या वेळी मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. डॉक्टरांनी आम्हाला तिघांना पडद्यासमोर उभं केलं. जठर आणि पाणथरी यांच्या मध्ये एक बारीक पांढरी रेघ होती.

"ही रेघ इथे असायला नाही पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी आत आहे. म्हणून पू परत झाला. आता उघडावंच लागेल."

जतीनने विचारलं, "पाणथरी राहील ना?"

"प्रयत्न करू. पण पूर्ण पाणथरीत पसरलंय."

मी त्या रेघेकडे बघत होते. तेव्हाही बोलले नाही. आता बोलून ऑपरेशन थोडंच टळणार होतं, असं मी मनाला सांगितलं. मनाला सांगायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असायचंच.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. आम्ही तिघं बाकावर. विनिता मध्ये बसली होती, तिच्या मांडीवर भाविकचे कपडे. मुकेश जिन्यापाशी उभा होता, जवळ आला नाही. माझ्यामुळेच आला नाही.

डॉक्टर बाहेर आले. मूल ठीक आहे, म्हणाले. पाणथरी काढावी लागली. मग त्यांनी खिशातून एक छोटी पारदर्शक डबी काढली. "हे मिळालं. जठरातून हळूहळू बाहेर सरकत पाणथरीत घुसलेलं. हाड आहे, माशाचं असावं. तुम्ही मासेवाले, तुम्हाला कळेल."

जतीनने डबी हातात घेतली. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा काटा, एका टोकाला दुभंगलेला. आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"करली," जतीन म्हणाला.

"पहिल्यांदा आला तेव्हा हे कळलं असतं तर?" मी डॉक्टरांना विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. बहुतेक 'काही फरक पडला नसता' असं त्यांनी म्हणावं म्हणून.

"तर तेव्हाच काटा काढला असता," ते म्हणाले. "पाणथरी वाचली असती, असं मला वाटतं. आता बेन, ह्याला साधा तापसुद्धा साधा नाही. ताप आला की औषधाची वाट बघायची नाही, तासाभरात दवाखान्यात. रोजची गोळी किती वर्षं लागेल ते मी सांगेन. आणि लसी." ते आत गेले.

जतीन डबी धरून उभाच होता. त्याने बायकोकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं.

आणि विनिता रडायला लागली. "माझ्याच हातून गेला असेल," ती म्हणाली. "मी नीट बघितलं नसेल. मी बघते, पण मला कळत नाही ना काटे. आते सांगायच्या मला, तुला कळत नाही म्हणून. माझंच चुकलं असेल. सुरमई म्हणून दुसरंच काहीतरी दिलं असेल मी." ती जतीनचा हात धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

तिने तिच्या हाताने कधी करली विकतही आणली नव्हती. हे जतीनला माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त तिला माहीत नव्हतं, कारण करली कशी दिसते हेच तिला माहीत नव्हतं. महिनाभर मी तिच्या डोक्यात एवढंच भरलं होतं की जे काही वाईट झालं ते तिच्याकडून झालं. तिने ते शिकून घेतलं होतं. मी एवढी चांगली शिकवणारी आहे, हे मला माहीत नव्हतं.

"मी दिली," मी म्हटलं. "तू रेशनकार्डासाठी गेलीस त्या दिवशी. शिकवायला म्हणून दिली. काटा लागला, मी भाताने खाली ढकलला. आणि पहिल्या खेपेला इथे आलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला आठवलं होतं. मी सांगितलं नाही."

मला वाटलं जतीन हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. त्याने डबी शर्टाच्या खिशात टाकली, बटण लावलं, आणि जिन्यापाशी मुकेशजवळ जाऊन उभा राहिला. आमच्याकडे पाठ करून.

विनिताचं रडणं थांबलं. तिने पदराने तोंड पुसलं. भाविकचे कपडे मांडीवरून घसरले होते, ते उचलून पुन्हा घडी घातली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तो रडला होता?"

"हो."

"खूप?"

मघाशी मी लिहिलं की खोकला, डोळ्यांत पाणी आलं, भात दिला आणि गेला. सगळ्यांना तसंच सांगत आले असते. पण तिला तसं सांगता आलं नाही.

"खूप," मी म्हटलं. "अर्धा तास रडला. भात नको म्हणत होता. मी मांडीत दाबून धरला आणि तोंडात कोंबला."

"काही म्हणत होता का?"

आत कुठेतरी चाकाची गाडी ढकलल्याचा आवाज येत होता.

"आते, काय म्हणत होता?"

"'आईला बोलव' म्हणत होता."

विनिताने मान डोलावली. दार उघडलं, नर्सने विचारलं, मुलाजवळ एकाला येता येईल, कोण येतंय? इतके दिवस अशा वेळी मीच पुढे व्हायचे. विनिता कपडे घेऊन उठली आणि आत गेली, आणि दार लागलं.